भोकं बुजवायचा खेळ



आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या आजारपणाबद्दल तुमच्यापैकी बऱ्याच जणी मंदिरात भेटलात की विचारता. मी "आता बरी आहे" म्हणते आणि विषय बदलते. हा आजार "बरा आहे" अशा एका वाक्यात बसत नाही, म्हणून ही टाळाटाळ. परवा तीच म्हणाली, "ताई, लिहा की एकदा. फक्त माझं नाव घालू नका. आणि तुमचं चुकलं तेही लिहा." शेवटचं वाक्य तिने हसत म्हटलं. तरी ते लिहायला मला पंधरा दिवस लागले.

सुरुवात २०१९ च्या दिवाळीत झाली. देवघरात ताट लावताना ती म्हणाली, "ताई, हे कुंकू जुनं आहे का? फिकं दिसतंय." कुंकू चांगलं लालभडक होतं, दोनच दिवसांपूर्वी आणलेलं. मी म्हटलं, फराळाचं करून डोळे थकले असतील. मग तिनेच एकेक डोळा झाकून पाहिलं. डाव्या डोळ्याने कुंकू लाल दिसायचं, उजव्याने विटकरी. डोळा हलवला की आतून दुखायचं. चष्म्याच्या दुकानात गेलो, नंबर निघाला नाही. तीन-चार आठवड्यांत ते आपोआप सुधारलं, आणि आपोआप बरं झालेलं दुखणं घरात कोण लक्षात ठेवतं?

मग पायांना मुंग्या. आपण शाकाहारी, त्यामुळे मुंग्या म्हटलं की बी-बारा. तिचं बी-बारा कमी निघालंही. इंजेक्शनं झाली, पण मुंग्या गेल्या नाहीत. एक दिवस ती मंदिरातून घरी आली तर डाव्या पायात चप्पलच नव्हती. रस्त्यात कुठेतरी निसटली आणि तिला कळलंच नाही. त्या दिवशी मात्र भाऊजी घाबरले. मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं. मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात आपल्याच गावातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. सगळे एमएस म्हणतात. सासूबाई पहिले काही दिवस "एसेमेस" म्हणायच्या.

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते असं. मेंदूपासून हातापायांपर्यंत जाणाऱ्या नसांवर एक आवरण असतं, विजेच्या वायरवर असतं तसं. शरीराची स्वतःची रक्षण करणारी यंत्रणाच चुकून ते आवरण कुरतडते. जिथलं आवरण गेलं तिथला निरोप अडखळतो, कधी डोळ्याचा, कधी पायाचा, कधी लघवीचा. झटका येतो, ओसरतो, मागे थोडंफार ठेवून जातो. हा आजार बहुतेक वेळा वयाच्या विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुपटीहून जास्त आढळतो. जगात अठ्ठावीस लाखांहून जास्त लोकांना तो आहे. औषधांनी झटके कमी होतात, पण मुळासकट घालवणारं औषध अजून नाही.

वीस ते चाळीस म्हणजे बायकांचं कुठलं वय ते तुम्हाला सांगायला नको. घर सगळं त्यांच्या पाठीवर असतं. त्यात या आजाराचं सर्वांत मोठं लक्षण म्हणजे थकवा, आणि तो बाहेरून दिसत नाही. आपला थकवा झोपलं की जातो. हिची घागर सकाळी भरलेली असते आणि अकराच्या सुमारास एकदम रिकामी होते. चेहरा मात्र छान टवटवीत. बघणाऱ्याला काय वाटणार? मला जे वाटलं तेच.

सलाईनमधून स्टिरॉइड देऊन तो झटका ओसरला आणि पाठोपाठ लॉकडाऊन लागलं. व्यायाम तर हवाच होता. डाव्या पायाची ताकद आणि तोल या दोन गोष्टी गोळीने परत येत नाहीत. आधी दोन आठवडे ती रिक्षाने फिजिओथेरपीला जात होती. एक जिना उतरायचा, रिक्षा, तिकडे एक जिना चढायचा. पोहोचेपर्यंत घागर रिकामी, मग व्यायाम कसला? लॉकडाऊनने तेही थांबवलं. त्याच मार्चच्या शेवटी सरकारने डॉक्टरांना फोनवर, व्हिडिओवर तपासून सल्ला देता येईल असे नियम काढले, म्हणून निदान औषधांचं अडलं नाही. व्यायामाची वाट मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियामुळे सापडली. ही संस्था १९८५ पासून काम करते, मुंबई-पुण्याला तिच्या शाखा आहेत. तिथल्या ओळखीतून पुण्याच्या एक फिजिओथेरपिस्ट मॅडम मिळाल्या, ज्या एमएसचेच रुग्ण बघतात. पुणे आपल्यापासून पाच तासांवर. मॅडम आल्या मोबाईलच्या काचेतून.

सुरुवातीला मला ते नाटकच वाटायचं. भाऊजी मोबाईल घेऊन जमिनीवर पालथे पडायचे, कारण मॅडमना चेहरा नको, पावलं दिसायला हवी असायची. "टाच आधी टेकते की चवडा? अजून खाली धरा फोन." पंचवीस फूट चालायला किती सेकंद लागतात हे त्यांना दर महिन्याला हवं असे. आमच्या घरात पंचवीस फूट सलग जागा कुठली! शेवटी शिंप्याच्या टेपने गच्ची मोजली आणि खडूच्या दोन रेघा मारल्या. पहिल्यांदा चौदा सेकंद लागले. तुम्ही करून बघा घरी, पाच-सहा सेकंदांत होतं.

पायाला जमीन नीट कळत नसल्यामुळे ती खाली बघत, पाऊल जपत चालायची. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "बघ, ईर्यासमिती पाळते माझी सून." मॅडम म्हणायच्या, समोर बघा, समोर. दोघींमध्ये तिची ओढाताण.

व्यायाम तेच ते. खुर्चीवरून उठा, बसा, एका पायावर उभं राहा, दहा मोजा. वर्ष, दीड वर्ष तिने नेटाने केलं आणि मग कंटाळली. कंटाळणारच. माळ जपतानासुद्धा मन पळतं, तर ही नुसती उठबस. तेव्हा मॅडमनी विचारलं, घरात कुणाकडे जुना एक्सबॉक्स आहे का, किनेक्टवाला?

होता. आमच्या नणंदबाईंच्या मुलाचा, पुण्यातच. तो शिकायला परदेशी गेला आणि खेळ माळ्यावर पडून होता. किनेक्ट म्हणजे टीव्हीपुढे ठेवायची एक लांबट काळी पट्टी, तिला डोळे असतात. हातात काही धरायचं नाही. आपण समोर उभं राहायचं, आपण हललो की टीव्हीतला माणूस हलतो. ही वस्तू २०१० साली बाजारात आली आणि २०१७ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, त्यामुळे आता मिळाली तर जुनीच मिळते. मॅडमनी सांगितलं, स्पेनमध्ये माद्रिदला एमएसच्या पन्नास रुग्णांवर याचा अभ्यास झाला होता आणि तो २०१३ मध्ये छापून आला. एका गटाने नेहमीसारखं जाऊन फिजिओथेरपी घेतली. दुसऱ्या गटाने घरी किनेक्टवर खेळ खेळले, आठवड्यातून चार वेळा, वीस-वीस मिनिटं, दहा आठवडे, आणि फिजिओथेरपिस्ट व्हिडिओवरून लक्ष ठेवून होते. घरी खेळणाऱ्यांचा तोलही सुधारला. त्यांनी वापरलेले खेळ दुकानात मिळणारेच, मुलांचे.

तर आमच्या सिडकोतल्या घरात ते यंत्र आलं. दिवाण भिंतीला सरकवला, टीपॉय आत नेला, कारण समोर सहा फूट मोकळी जागा लागते. पहिल्या दिवशी त्याला ती दिसेचना! साडी आणि पदर यात यंत्राला पाय कुठले आणि निऱ्या कुठल्या कळत नव्हतं. सलवार-कमीज घालून आली तेव्हा टीव्हीतली बाहुली धड उभी राहिली. सासूबाई मधून पापड वाळत घालायला गेल्या तर यंत्राने त्यांनाही खेळात घेतलं. पडद्यावर अचानक दुसरा खेळाडू! सासूबाई थांबल्या, हात हलवून बघितला, त्यानेही हलवला. "अगं बाई," म्हणाल्या आणि पापड घेऊन निघून गेल्या. पण गालातल्या गालात हसत होत्या.

आमच्या घरात बंदुकीचे खेळ चालत नाहीत. माझ्या मुलानेही खेळायचे नाहीत हा सासूबाईंचा नियम आहे. पडद्यावर का होईना, मारायची इच्छा मनात उठली म्हणजे भावहिंसा झालीच. म्हणून कोणता खेळ हे आधी मॅडमना विचारून घेतलं. त्यांनी दिलेला खेळ असा. आपण समुद्राखाली एका काचेच्या खोलीत उभे. बाहेरून मासे, खेकडे येऊन काचेवर आपटतात, काचेला भोकं पडतात, पाणी आत येतं. आपण हाताने, पायाने, गुडघ्याने, डोक्याने ती भोकं बुजवायची. एक वर उजवीकडे, एक खाली डावीकडे, दोन्ही एकदम. कुणाला मारायचं नाही, माशालाही नाही. भोक बुजवलं की पुढचं.

हे ऐकून तुमच्या मनात आलं ना, जे माझ्या मनात आलं? आपण पाठशाळेत हेच शिकलो. नाव आहे, तिला भोकं आहेत, पाणी आत येतंय तो आस्रव. भोकं बुजवणं म्हणजे संवर. आत साचलेलं उपसून काढणं निर्जरा. माझ्या मुलाने धावत जाऊन आजीला सांगितलं, "काकू संवर खेळते आहे." सासूबाईंची परवानगी त्या एका वाक्याने मिळाली.

माझी मात्र मिळाली नव्हती. खरं सांगते. मी रोज स्वाध्याय करणारी. अनर्थदंडाचे पाच प्रकार मला पाठ आहेत, अपध्यान, पापोपदेश, हिंसादान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. टीव्हीपुढे हातवारे करणारी सून मला सरळसरळ पाचव्या प्रकारात बसलेली दिसायची. औषध म्हणून असेल, पण खेळ तो खेळच. शिवाय ती हसायची. आजारी माणसाने व्यायाम करताना इतकं हसावं, हे मला कुठेतरी पटत नव्हतं.

२०२३ चा चैत्र होता. महावीर जयंतीची गडबड, घरात पाहुणे, नळाला आठवड्यात एकदा येणारं पाणी नेमकं त्याच दिवशी. मी पहाटेपासून उभी. तिने सकाळी सहा वाजता वीस मिनिटं खेळ केला होता, मी पाहिला होता. अकरा वाजता पोळ्यांना हात लावशील का म्हटलं तर म्हणाली, "ताई, आज पाय उचलत नाहीये." आणि मी सगळ्या पाहुण्यांसमोर बोलले, "खेळायला ताकद आहे, पोळ्या लाटायला नाही?"

ती काही बोलली नाही. उठली, ओट्याशी आली आणि लाटायला लागली. शेगडी पेटलेली, पंखा बंद, बाहेर ऊन तापलेलं. सहावी की सातवी पोळी असेल. तिने लाटणं ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिली. "ताई, दिसत नाही नीट." उजवा डोळा पुन्हा धूसर झाला होता, डावा पाय थरथरत होता. मला वाटलं नवा झटका आला. तिला कूलरपुढे झोपवलं, तासाभरात नजर पूर्ववत झाली.

संध्याकाळी मॅडमना फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं, हा झटका नाही, ही उष्णता. अंग थोडं जरी तापलं तरी आवरण गेलेल्या नसांमधून निरोप जाणं आणखी अवघड होतं, आणि अंग थंड झालं की परत येतं. एकोणिसाव्या शतकात उटहोफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे नोंदवून ठेवलेलं आहे. पूर्वी तर निदानासाठी रुग्णाला मुद्दाम गरम पाण्यात बसवून बघत असत. म्हणजे पहाटे सहाला गार हवेत खेळणारी बाई आणि अकराला शेगडीपुढे उभं न राहू शकणारी बाई एकच असते, आणि दोन्ही वेळी खरीच असते. माझं वाक्य चुकीचं होतं ते नुसतं कठोर म्हणून नाही, ते मुळातच खोटं होतं.

मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. "आता बरं वाटतंय ना?" एवढंच विचारलं. आपल्याकडे मोठ्या जावेची माफी अशीच असते, नाही का?

तिने त्यानंतर माझ्यासमोर खेळणं बंद केलं. मला वाटलं सोडलाच. खरं तर तिने वेळ बदलली होती. पहाटे साडेपाचला सासूबाई अभिषेकाला जातात, माझे मिस्टर आणि भाऊजी फिरायला, मुलं झोपलेली, आणि मी आतल्या खोलीत सामायिकाला बसलेली. ती अठ्ठेचाळीस मिनिटं कुणी बघणारं नसे. टीव्हीचा आवाज बंद करून ती एकटी खेळायची.

जयंती होऊन आठवडा-दहा दिवस झाले असतील. मी सामायिकात होते. बाहेर धप्प असा आवाज आला. आणि मग काहीच नाही. हाक नाही, रडणं नाही.

मी थांबले. हे लिहायला मला पंधरा दिवस लागले, ते इथे. घड्याळात सात मिनिटं उरली होती. पूर्ण न करता उठलं तर सामायिक मोडतं, आणि सोळा वर्षांत माझं एकही मोडलं नव्हतं. एक णमोकार म्हणून होईल एवढा वेळ मी बसून राहिले. मग उठले.

ती दिवाणाच्या कोपऱ्यापाशी पडलेली होती, उजवं मनगट पोटाशी धरून. टीव्हीवर आवाज नव्हता, पण खेळ चालू होता, काचेला भोकं पडतच होती. मी विचारलं, "हाक का नाही मारलीस?" ती म्हणाली, "तुम्ही सामायिकात होतात ना."

मनगटाला बारीक तडा गेला होता. महिनाभर प्लास्टर. हाताने आधार घेता येईना म्हणून पायाचे व्यायामही थांबले, आणि त्या महिन्यात पायाने जेवढं मिळवलं होतं त्यातलं बरंच गेलं. गच्चीवरचे अकरा सेकंद पुन्हा तेरावर गेले. मॅडमना याचं आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, रोममध्येही घरच्या घरी खेळाच्या पाटावर उभं राहून तोल सुधारायचा असाच अभ्यास झाला होता, बारा आठवड्यांचा. तोल सुधारला, पण खेळणं थांबवल्यावर फायदा टिकला नाही. रोज करायचं तेव्हा रोजचं मिळतं. आपल्या नियमांसारखंच म्हणा.

गावात तेव्हा एक आर्यिका माताजी विराजमान होत्या. मी प्रायश्चित्त मागायला गेले. सगळं सांगितलं, सामायिक मोडल्याचं सांगितलं, थांबल्याचंही सांगितलं. माताजींनी विचारलं, "ती पडलेली, आता कशी आहे?" मी मनगटाचं सांगितलं. "आणि पाय?" पायाचं सांगितलं. "ती एकटी का खेळत होती?" यावर मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. मग पोळ्यांचं वाक्य सांगितलं. त्यांनी प्रायश्चित्त दिलं, ते इथे लिहीत नाही. पण सामायिक मोडल्याबद्दल त्यांनी एक अक्षरही विचारलं नाही.

घरी आले आणि तिची माफी मागितली. क्षमावाणीची वाट बघितली नाही. ती म्हणाली, "ताई, प्लास्टर निघालं की माझ्याबरोबर उभ्या राहाल का?"

मॅडमनी तेव्हाच नियम घालून दिला की बाजूला मोठं माणूस नसेल तर यंत्र चालू करायचं नाही. मैत्रिणींनो, हे नीट लक्षात ठेवा. पडद्यावरून शिकवता येतं, चूक सांगता येते, पण पडणाऱ्याला सावरता येत नाही. ते घरच्या माणसानेच करायचं. पाठीमागे भक्कम खुर्ची हवी, जमिनीवर सतरंजी नको, पाय अनवाणी किंवा घट्ट बूट, दिवाणाच्या कोपऱ्यांना आता आमच्याकडे जुन्या गोधडीचे तुकडे बांधलेत. आणि एमएस असलेल्या कुणीही नुसतं माझं वाचून खेळ सुरू करू नये. तिचा कुठला पाय कमजोर, कुठे तोल जातो हे बघून मॅडमनी खेळ निवडला होता. तराफ्यावर उड्या मारायचा खेळ त्याच डबीत आहे, तो तिला पूर्ण मना आहे.

माझं सामायिक आता पहाटे साडेचारला असतं. ती खेळते तेव्हा मी तिच्या डाव्या बाजूला उभी असते. गंमत म्हणजे यंत्राला काही मी आधाराला उभी आहे हे कळत नाही. ते मलाही खेळात घेतं. पहिल्या दिवशी मी नुसतीच उभी राहिले तर माझ्या बाजूची भोकं कुणी बुजवेना. ती ओरडली, "ताई, तुमचं! तुमच्या डोक्यावर!" मी हात वर केला. तेव्हापासून मीही खेळते. सलवार-कमीज घालून. पन्नाशीला आलेय मी. अनर्थदंडात अनर्थ म्हणजे विनाप्रयोजन, हा अर्थ मला पाठ होता, पण प्रयोजन कुणी ठरवायचं हे कधी मनात आलं नव्हतं.

विसरण्याचंही थोडं सांगते, कारण तेही घरात भांडणं लावतं. या आजारात लक्ष आणि स्मरण मंदावतं. दोनदा मीठ पडतं, गॅसवर दूध राहतं. यासाठीही घरी संगणकावर करायचे मेंदूचे सराव असतात. न्यूयॉर्कमध्ये एकशे पस्तीस रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनंतर, ज्यांना खास बनवलेले, आपोआप अवघड होत जाणारे सराव दिले त्यांना साधे संगणकी खेळ खेळणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला. म्हणून मोबाईलवर रंगीत गोट्या जुळवत बसणं आणि हे एक नाही, हे मी पुतण्याला सांगत असते. तो म्हणतो, आईला चालतं मग मला का नाही. चालू आहे वाद.

उन्हाळ्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आपल्याकडच्या मेमध्ये पहाटेही गारवा नसतो. मॅडमनी गळ्याभोवती बर्फाची पट्टी सुचवली. सासूबाईंच्या घरात बर्फ होत नाही, खाण्यासाठी नाही म्हणून आणि अप्काय जीवांमुळे लावण्यासाठीही नको असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. माठातल्या गाळलेल्या पाण्यात पंचा भिजवून, पिळून तिच्या मानेवर ठेवतो, कूलर आधी दहा मिनिटं चालू ठेवतो. वीज गेली तर त्या दिवशी सुट्टी. दशलक्षणात ती आता उपवास करत नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि पाणी सोडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. पहिल्या वर्षी ती फार रडली. मग सोळहकारण भावनांमधली शक्तितस्तप तिनेच काढून दाखवली, तप सांगितलंय ते शक्तीप्रमाणे. दहा दिवस रोजची वीस मिनिटं चुकवायची नाहीत हा तिने नियम घेतला.

आणखी एक कामाचं सांगून ठेवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार आहेत त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. तिचं प्रमाणपत्र काढायला आम्ही दोन वर्षं उशीर केला, कारण "दिव्यांग" हा शब्द घरात कुणालाच उच्चारवत नव्हता. तिलाच सर्वांत आधी उच्चारता आला.

गच्चीवर आता सेकंद दहा आणि अकराच्या मध्ये असतात. गेल्या हिवाळ्यात एक छोटा झटका येऊन गेला, तेव्हा बारा झाले होते. कचनेरला चिंतामणी बाबांच्या दर्शनाला गेलो तेव्हा तिने गाडीपासून गाभाऱ्यापर्यंत काठी घेतली होती, पण हात कुणाचा घेतला नाही. सासूबाईंना ते बाबांचं वाटतं. ती म्हणते, बाबांचं आणि मॅडमचं. मला विचारलं नाही कुणी.

हा खेळ चालू असताना ते यंत्र मधूनच आपले फोटो काढतं आणि शेवटी पडद्यावर दाखवतं. कालच्या फोटोत ती मध्यभागी, उजवा हात वर, डावा पाय बाजूला, तोंडभर हसू. शेजारी मी, दोन्ही हात डोक्यावर, आणि नजर टीव्हीकडे नाहीच, तिच्या पावलांकडे. मागे दारात सासूबाई अर्ध्याच दिसतात, हातात अभिषेकाची झारी, एक हात नकळत वर केलेला. त्यांच्या बाजूलाही एक भोक पडलं होतं.